दर चौरस इंचाला

माझं लग्न मिठाच्या सत्याग्रहाच्या पुढच्या वर्षी झालं. माहेर महाडात, चवदार तळ्याच्या मागच्या आळीत. वडील शाळेत गणित शिकवत. सासर पोलादपूरच्या वर, डोंगराच्या पोटातल्या एका वाडीत. महाडहून मोटारीने पोलादपूर आणि तिथून दीड तासाची चाल. घरात सासू, मी आणि दोन बैल. यजमान मुंबईला. आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती, आणि एवढ्या वर्षांनी लिहितानाही ते माझ्या हातून उतरत नाही. त्यांच्याविषयी बोलताना मी ‘हे’ म्हणत असे, इथेही तसंच लिहिते.

हे मुंबईत एका इंजिनियरच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होते. गावातली बाकीची माणसं गिरणीत नाहीतर गोदीत. यांनी मात्र दिवसा हमाली करून रात्रीच्या वर्गात नकाशे काढायला शिकून घेतलं होतं. घरी येत ते वर्षातून दोनदा, शिमग्याला आठ दिवस आणि गणपतीला पाच. लग्नाला चार वर्षं झाली तेव्हा मी एकदा पाटीवर मांडून पाहिलं, आम्ही दोघं एका घरात किती दिवस राहिलो. दोन महिनेसुद्धा भरले नाहीत. सासूबाई आत येताना दिसल्या तशी मी पाटी पुसली.

पत्र दर पंधरा दिवसांनी यायचं, पण ते आईच्या नावाने. बायकोला वेगळं पत्र लिहिणं बरं दिसत नसे. वाचून दाखवायची मीच. शेवटची ओळ ठरलेली असायची, ‘घरात सर्वांनी प्रकृतीस जपावे.’ त्या ‘सर्वांनी’मध्ये मी होते, एवढंच माझ्या वाट्याचं. ती ओळ मी जरा सावकाश वाचत असे.

यांचं काम काय, ते मला नीट ठाऊक नव्हतं. विचारलं की म्हणत, “लोखंडाचे हिशेब.” शिमग्याच्या आठ दिवसांत त्याच्यापुढे बोलणं जात नसे. पालखी, पाहुणे, शेतात पालापाचोळा जाळून करायची भाजणी, आणि मग परत जायचा दिवस.

पाचव्या वर्षी हे शिमग्याला आले ते हातात एक लांब पत्र्याची नळी घेऊन. वरंधच्या रस्त्यावर एका ओढ्यावर लोखंडी पूल घालायचा होता आणि त्याचं काम यांच्या कचेरीकडे आलं होतं. मुलूख ओळखीचा म्हणून साहेबांनी जागेची मापं तपासायला यांनाच पाठवलं. नळीत नकाशे आणि हिशेबाचे कागद होते. मापं घ्यायची, हिशेब पुरे करायचे, त्यांची स्वच्छ नक्कल करायची आणि महिन्याभरात परत जायचं, असं ठरलं होतं. महिनाभर, हे ऐकून मी चुलीपुढे बसून राहिले. भाकरी करपली, तरी सासूबाई रागावल्या नाहीत.

हे वरंधला गेले आणि नवव्या दिवशी बैलगाडीतून परत आले. हिवताप भरला होता. गाडीवानाने आणि मी धरून यांना ओटीवर आणलं. महाडहून क्विनाइन आणवली. दहा दिवस ताप एक दिवसाआड येत राहिला, मग हळूहळू उतरला, पण हाताचा कंप काही जाईना. पेन धरलं की रेघ वाकडी. कागद तर पुरे करायचे होते.

एका सकाळी यांनी तीन वेळा एकच आकडा लिहिला आणि तीन वेळा खोडला. मी पाणी द्यायला आले होते. म्हणाले, “तुझ्या वडिलांनी तुला इंग्रजी आकडे शिकवलेत ना?”

“आकडे शिकवलेत. अक्षरंही येतात थोडी.”

“बस इथं. मी सांगतो, तू लिही.”

मी दाराकडे पाहिलं. दिवसाढवळ्या ओटीवर नवऱ्याशेजारी बसायचं, तेही सासूच्या देखत. सासूबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी मान वर न करताच म्हटलं, “बस गो. त्याचा हात चालत नाय, तुजा चालतो हाय. कामच हाय ना?”

तशी मी बसले.

कागदावर पुलाच्या एकेका दांड्याची एकेक ओळ होती आणि ओळीत तीन रकाने. हे आकडे सांगत, मी उतरवत असे. पहिले दोन दिवस मी नुसतं लिहिलं. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. “हा शेवटचा आकडा काय सांगतो?”

“त्या दांड्यात ताण किती, ते.”

“ताण म्हणजे वजन?”

“नाही. वजन, म्हणजे दांड्याला ओढणारं बळ, ते पहिल्या रकान्यात. दुसऱ्यात दांड्याची जाडी. दांडा मुळ्यासारखा आडवा कापला तर जी चकती दिसेल ती किती चौरस इंच आहे, ते. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की तिसरा. दर चौरस इंचाच्या वाट्याला किती बळ आलं, तो ताण.”

मी तिन्ही रकान्यांवरून बोट फिरवलं. मग म्हटलं, “म्हणजे डोक्यावर हंडा घेतला तर वजन तेवढंच, पण खाली चुंबळ असली तर टोचत नाही. चुंबळ नसली की हंड्याचा काठ टाळूत घुसतो. तसंच का?”

हे माझ्याकडे बघतच राहिले. “तसंच,” म्हणाले. “हे समजायला आम्हाला वर्गात महिना लागला होता.”

लग्नानंतर यांनी माझं कौतुक केलं असेल तर ते त्या दिवशी पहिल्यांदा. मी खाली बघून पुढचा आकडा विचारला.

“नऊ पॉइंट दोन चार.”

“नऊ पॉइंट दोन चार काय?”

“काय म्हणजे?”

“शेर, मण, पौंड, टन? वर काहीच लिहिलेलं नाही.”

“ते सगळ्यांना ठाऊक असतं. पहिला रकाना टनात. तिसरा हजार पौंडांत, कारण लोखंडाचे जे विलायती तक्ते आम्ही वापरतो ते पौंडांत आहेत. नऊ पॉइंट दोन चार हजार पौंड, दर चौरस इंचाला. आणि अठराच्या वर कुठेही जाऊ द्यायचं नाही.”

“मग वर लिहीत का नाही?”

“कचेरीत कोणी लिहीत नाही. वेळ जातो.”

सासूबाई आतून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “आमची पायली आन बाजारातली पायली एक नाय. कोन पायलीभर भात मागाया आला, तर मी आदी इचारते, कंची पायली?”

हे हसले. त्या दिवशीपासून मी मात्र प्रत्येक कागदावर रकान्याच्या डोक्याशी बारीक अक्षरात लिहायला लागले: टन, चौरस इंच, हजार पौंड दर चौरस इंचाला. इंग्रजी शब्द यांनी पाटीवर काढून दिले, ते मी गिरवले. टन म्हणजे दोन हजार दोनशे चाळीस पौंड, हेही तेव्हाच पाठ झालं. टनांतला ताण हजार पौंडांत हवा असेल तर दोन पॉइंट दोन चारने गुणायचं.

ते दिवस कसे गेले ते लिहू म्हटलं तर लिहिण्यासारखं फार नाही. सकाळी भाकरी, पेज, गुरांचं आटोपून मी ओटीवर यायची. यांच्या पाठीशी उशी लावायची. हे आकडे सांगायचे, मी परत म्हणून दाखवायची, हे “हां” म्हणायचे. मधेच थांबून मुंबईचं सांगायचे. कचेरीच्या खिडकीतून बोटींची धुराडी दिसतात, शेजारच्या टेबलावरचा म्हातारा ड्राफ्ट्समन डुलकी घेतानाही पेन्सिल सोडत नाही, खोलीतले नऊ जण पाळीपाळीने पोळ्या लाटतात आणि यांच्या पोळ्या कोणी खायला तयार नसतो. चार वर्षांत जे मला ठाऊक झालं नव्हतं ते या दिवसांत कळत गेलं. मी माझं सांगायची. समोरच्या डोंगरावर उन्हं उतरली की हे विचारायचे, “थकलीस?” मी नाही म्हणायची.

आता एक गोष्ट सांगते, ती यांनाही मी पुष्कळ वर्षं सांगितली नव्हती. मी मुद्दाम सावकाश लिहीत होते. दिवसाला तीन कागद सहज झाले असते, मी एकच करायची. नक्कल संपली की हे जाणार, हे मला दिसत होतं. यांच्या अंगात ताकद येत चालली होती, अंगणात फेऱ्या मारू लागले होते. मला एकीकडे त्याचा आनंद होता आणि दुसरीकडे मी दौतीत पाणी जास्त घालून शाई फिकी झाली म्हणून पुन्हा लिहायला घेत होते.

दुपारी हे झोपले की मी कागद पुढे घेऊन बसायची. काम चालू आहे असं दिसायला हवं ना. अशी बसले असताना मला चाळा लागला. पाटी घेऊन मी एकेका ओळीचा भागाकार करून पाहू लागले. वीस टन, पाच चौरस इंच. चार. चाराला दोन पॉइंट दोन चारने गुणलं, आठ पॉइंट नऊ सहा. कागदावरही आठ पॉइंट नऊ सहा. जमलं की मला लहानपणी वडिलांसमोर गणित सुटल्यावर वाटायचं तसं वाटे. तीन-चार दुपारी मी अशा वीसेक ओळी तपासल्या. सगळ्या बरोबर.

मग शेवटून दुसरा कागद आला. पुलाच्या पोटाखालचा दांडा. अठ्ठावीस पॉइंट दोन टन, तीन चौरस इंच. भागलं, नऊ पॉइंट चार आलं. कागदावर बघितलं तर तिथे आधीच नऊ पॉइंट चार होते. गुणाकार अजून व्हायचाच होता.

मी पुन्हा भागलं. मग गुणलं. एकवीस पॉइंट शून्य पाच सहा. अठराच्या वर.

म्हणजे तो आकडा टनांत राहिला होता. बाकीचे सगळे हजार पौंडांत आणि हा एकटा टनांत. यांच्या मूळ कागदावर रकान्याला नाव नव्हतं, त्यामुळे तो त्यांच्यात बसून गेला होता. अठराच्या शेजारी नऊ पॉइंट चार वाचलं की कोणालाही वाटेल, दांडा निम्म्या ताणात आहे, काही काळजी नाही.

ओटीवर हे झोपलेले होते. तोंडावर पुन्हा रया आली होती. मी पाटी पुसली नाही, पण उलटी करून ठेवली. त्या दिवशी मी काही बोलले नाही. संध्याकाळी यांनी विचारलं, “आज गप्प का?” मी डोकं दुखतं म्हटलं. खरं कारण असं की सांगितल्यावर काय होणार ते मला समजत होतं. हे इथे निदान आणखी काही दिवस तरी राहतील असं मी मनाशी धरलं होतं.

पण वरंधच्या त्या रस्त्याने माझी मावशी भोरला जायची. भाताच्या गाड्या जायच्या, शाळेची मुलं जायची. सकाळी पेज वाढल्यावर मी पाटी यांच्यापुढे ठेवली.

“हे बघा जरा.”

“काय आहे?”

“पोटाखालचा दांडा. इथे गुणायचं राहिलंय असं मला वाटतं.”

यांनी पाटीकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. “तू कशाला भागाकार करत बसलीस? नक्कल करायला सांगितली होती.”

मी पाटी आणखी पुढे सरकवली.

यांनी कागद ओढला. माझी पाटी बाजूला सारून स्वतः वेगळ्या कागदावर मांडलं. एकदा, दोनदा. पेज थंड झाली. मग हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, “माझंच अक्षर आहे. वरंधला केला हा कागद, थंडी वाजायला लागली त्या दिवशी. भागाकार केला असेल आणि आडवा झालो असेन. उठल्यावर पुढची ओळ घेतली.”

“आता इथे दुरुस्त करता येईल की.”

“इथे येईल. पण दांड्यांच्या जाड्यांची यादी मी गाडीत बसायच्या आधी टपालाने पाठवली मुंबईला. तिच्यावरून लोखंड मागवतील.” थोड्या वेळाने म्हणाले, “पूल लगेच पडला असता असं नाही. ती अठराची हद्द तुटण्याच्या पुष्कळ अलीकडे धरलेली असते. पण ते मधलं अंतर आमच्या चुका ठेवायला नसतं. पूर येतो, ओंडके आदळतात, गंज चढतो, त्यांच्यासाठी असतं.”

“तार करता येईल ना?”

“तारेत काय लिहू? हिशेब मांडून दाखवायला मला जायलाच हवं.”

सासूबाईंनी खूप अडवलं. “चालवत नाय तुला, वाटंत पडशील.” हे ऐकले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. पोलादपूरपर्यंत मी बरोबर गेले. नळी आणि कागद मी घेतले होते. दीड तासाच्या वाटेला अडीच तास लागले. दर थोड्या वेळाने हे दगडावर टेकत. एकदा टेकले असताना म्हणाले, “काल तुला बोललो, ते मनात ठेवू नकोस.”

“नाही ठेवलं.”

“तू सांगितलं नसतंस तर कोणाला कळलं नसतं.”

मी म्हटलं, “मला परवाच कळलं होतं. सांगायला एक दिवस लावला.”

“का?”

मी नळी उचलून खांद्यावर घेतली. यांनी पुन्हा विचारलंही नाही. मोटार आली. नळी आत देताना यांचा हात माझ्या हाताला लागला आणि माणसं बघत असतानाही यांनी तो पटकन काढून घेतला नाही. मोटार वळणाआड गेली तरी मी तिथेच उभी होते. मोटारीच्या नाक्यावरच्या दुकानदाराने, महाडचाच मुसलमान गृहस्थ, वडिलांच्या ओळखीचा, मला पाणी दिलं आणि सावलीत बसवलं. “बेटी, जरा बैस, उन्हं उतरली की जा,” म्हणाला.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. नेहमीप्रमाणे आईच्या नावाने. लोखंडाची मागणी वेळेवर थांबवली. तो दांडा तीनाऐवजी चार चौरस इंचांचा केला, ताण सात पॉइंट शून्य पाच टन, म्हणजे पंधरा पॉइंट सात नऊ हजार पौंड दर चौरस इंचाला. माप दोन्ही तऱ्हांनी लिहिलं होतं. सासूबाईंनी विचारलं, “ह्ये काय लिवलंय?” मी म्हटलं, “दांडा आता ठीक आहे असं.” त्यांना तेवढं पुरलं. मी ती ओळ पुन्हा एकदा मनात वाचली. आईला लिहिलेल्या पत्रात ती कोणासाठी होती, ते मला ठाऊक होतं.

साहेबांनी यांना कामावरून काढलं नाही, पण वर्षभर हिशेब काढून घेतले आणि नुसते नकाशे उतरवायला बसवलं. चूक कोणी पकडली असं विचारल्यावर यांनी “माझ्या घरच्यांनी” म्हणून सांगितलं, तर सगळ्यांना वाटलं गावात कोणी शिकलेला भाऊ असेल. यांनी बायको म्हटल्यावर कोणाचा विश्वास बसला नाही. रकान्यावर माप लिहायची पद्धत मात्र तिथे सुरू झाली म्हणतात.

पूल उभारायला पावसाळ्यानंतर माणसं आली. मला आशा होती, हे येतील. जागेवर चार महिने काम होतं. पण हिशेब काढून घेतलेल्या माणसाला कोण पाठवणार? दुसरेच गृहस्थ आले. दसरा गेला, दिवाळी गेली. वाडीतून वरंधच्या बाजूला जाणारा कोणी भेटला की मी विचारी, किती झालं. जणू पूल झाला की हे येणार होते.

माघात सासूबाई आणि मी शिवथरच्या घळीला गेलो. येताना मी त्यांना म्हटलं, “आत्याबाई, जरा वाट वाकडी करू या का?” त्यांनी कारण विचारलं नाही. गाडी पुलापाशी थांबवली. खाली ओढ्यात अजून थोडं पाणी होतं. मी काठाने उतरून खाली गेले आणि वर पाहिलं. लाल रंग दिलेले दांडे. पोटाखालचा तो ओळखायला मला वेळ लागला नाही.

“ह्योच काय गो त्यो?” सासूबाईंनी वरून विचारलं.

“हो, हाच.”

त्या कठडा धरून पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, “हालत नाय.” गाडीत बसल्यावर त्यांनी मागे वळून पुलाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “त्याला लिव, मी चालून बगितला म्हनून.” मी लिहिलं. शेवटी मात्र माझ्या नावाने, पहिल्यांदाच, दोन ओळी घातल्या. काय घातलं ते इथे सांगत नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी सासूबाई गेल्या. बैल वाडीतल्या एका चुलत दिराकडे दिले आणि हे मला मुंबईला घेऊन आले. एक खोली, बाहेर नळ, दोघांचं बिऱ्हाड. ज्या दिवसाची मी लग्नापासून वाट पाहत होते तो दिवस आला होता. हे रोज संध्याकाळी घरी येत. रोज, हा शब्द मला कितीतरी दिवस नवा वाटायचा.

कागद मात्र घरी येत नसत. यांच्याकडे हिशेब परत आले होते, पण सगळं कचेरीतच. घरी येईपर्यंत हे थकलेले असत. एकदा मी विचारलं, “सध्या कशाचं काम आहे?” म्हणाले, “गोदामाचं छप्पर.” मी पाटी काढायच्या बेतात होते. हे म्हणाले, “आता मदतीला दोन माणसं आहेत. तू कशाला शिणतेस?” हे मायेने म्हणाले, ते मला समजलं. मी पाटी तशीच फळीवर ठेवली.

मुलं झाली, मोठी झाली. थोरलीला मी भागाकार शिकवला तेव्हा उत्तरापुढे माप लिहिल्याशिवाय मी तिला उठू दिलं नाही. ती कुरकुरायची. एका रविवारी हे तिथे बसून ऐकत होते. ती खेळायला गेल्यावर अचानक म्हणाले, “त्या वेळी तू फार सावकाश लिहायचीस.”

मी म्हटलं, “मुद्दाम लिहायची.”

“मला ठाऊक होतं,” हे म्हणाले. “मीही आकडे सावकाश सांगत होतो.”

तेवढ्यात शेजारच्या बाई पाण्याची बादली मागायला आल्या आणि मी उठले.